मणियारांची पट्टी

सत्तेचाळीस वर्षांची बाई कॉम्प्युटरवर गेम खेळते, हे हैदराबादेत आमच्या नल्लकुंट्यात कुणाला सांगायची सोय नाही. खेळते म्हणजे धाडधाड गोळ्या घालत नाही. समोर नकाशा असतो, त्यावर राज्यं असतात, त्यातलं एक आपण घ्यायचं आणि पन्नास-शंभर वर्षं रेटायचं. कोठी भागातल्या विमा ऑफिसात दिवसभर लोकांचे अपघात आणि आजारपणं वाचून डोकं भणभणलं की मला ते बरं वाटतं. निदान त्या नकाशावरची माणसं अर्ज भरत नाहीत.

चार वर्षांपूर्वी या गेममध्ये मी आमचं हैदराबाद संस्थान शोधलं. होतं, पिवळ्या रंगाचं, आणि आत काहीच नव्हतं. 'लढा' आणि 'शरण जा' अशी दोन बटणं, संपलं. सव्वा कोटींहून जास्त माणसं आणि दोन बटणं. मला राग आला. इंटरनेटवर पाहिलं तर माझ्या आधीच एक जण रागावलेला निघाला. चिन्मय त्याचं नाव, कुकटपल्लीत राहतो, कुठल्याशा कंपनीत प्रोग्रामर आहे. त्यानं या गेमसाठी मॉड करायला घेतला होता. मॉड म्हणजे भाड्याच्या घरात आपलं सामान लावणं. भिंती कंपनीच्या, खाटा-भांडी आपली. आम्ही सहा जण मिळून ते सामान लावतो आहोत. चिन्मय माझ्यापासून वीस-एक किलोमीटरवर आहे, पण चार वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही. तो मराठी घरातला असला तरी मराठी वाचताना अडखळतो, म्हणून मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

हे काम ऐकायला सोपं आहे. एक प्रसंग लिहायचा, त्याला शीर्षक द्यायचं, तारीख द्यायची, चार ओळींत हकिगत सांगायची आणि खाली खेळणाऱ्यासाठी दोन बटणं ठेवायची. गेममध्ये ती तारीख उजाडली की चौकट उघडते, माणूस एक बटण दाबतो आणि त्याप्रमाणे त्याचं काही वाढतं किंवा घटतं. असे दोनशे दहा प्रसंग मी लिहिले. पहिले पन्नास हौसेनं, पुढचे शंभर जिद्दीनं आणि उरलेले नुसते ओढत. हल्ली रस्त्यात दोन माणसं भांडताना दिसली तरी मला त्यांच्याखाली बटणं दिसतात.

सगळ्यात छळलं तारखांनी. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर फसली साल असायचं, महिनेही वेगळे: आजूर, दय, बहमन. गेमला हवं इंग्रजी साल. फसलीत पाचशे एक्याण्णव मिळवले की इंग्रजी साल येतं हे मला लहानपणापासून ठाऊक, म्हणून मी एक तक्ता करून टाकला. फसली घातलं की दुसऱ्या बाजूनं इंग्रजी बाहेर. त्यानंतर मी त्याचा विचार केला नाही. विचार करण्याइतकी ताकद कुणाकडे होती?

या उन्हाळ्यात चिन्मयचा फोन आला. "ताई, आपल्याकडं सगळं दरबार नि महालच है. मराठवाड्यातल्या गावाचं काईच नै. तुमच्या घरी काई कागद-बिगद असेल तर बघा ना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथून सुरू झालं.

आमचं गाव उदगीरकडचं, बाभुळजांब. माझे वडील नामदेवराव, वय अठ्ठ्याऐंशी, वीज बोर्डातून रिटायर झालेले. ते एकोणीसशे सत्तावन्न साली नोकरीसाठी हैदराबादला आले ते इथलेच झाले. आई सावित्रीबाई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आता अण्णा आणि मी. गावाकडे थोडी जमीन आहे, चुलतभाऊ कसतात. त्यात विहिरीलगतचा एक तुकडा आहे, त्याला अजूनही मणियारांची पट्टी म्हणतात. मणियार म्हणजे बांगड्या भरणारे. पीरसाब मणियाराचं घर आमच्या घरामागे होतं.

त्या घराची गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकत मोठे झालो. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि गावोगावच्या मुसलमानांवर वेळ आली. तेव्हा माझे आजोबा हिम्मतराव यांनी पीरसाबला, त्याच्या बायकोला आणि तीन मुलींना स्वतःच्या बैलगाडीत बसवून उदगीर स्टेशनावर पोचवलं. वाटेत दोनदा गाडी अडवली, दोन्हीदा आजोबा म्हणाले, माझ्या घरची माणसं आहेत. ती पट्टी तर त्यांनी आदल्या सालीच रीतसर खरेदी केली होती. काका सांगत, आत्या सांगे. अण्णा कधी सांगत नसत, पण ते तसेही कमीच बोलतात.

त्या खरेदीचा कागद अण्णांच्या फायलीत होता, उर्दूतला. आमच्या पिढीला उर्दू वाचता येत नाही आणि अण्णांची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. समोरचा माणूस ओळखतात, अक्षर दिसत नाही. मी त्यांना सांगितलं, हा कागद आणि ती गाडीची गोष्ट गेममध्ये घेते म्हणून.

"ते नको घेऊस," अण्णा म्हणाले. "दुसरं काही घे."

म्हातारपणाचा हेका, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोठीला जुनी उर्दू पुस्तकं विकणाऱ्या चाचांकडे कागद नेला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला. "जमीन रजामंदी से लिख के दे रऊं बोलके है. अंगूठा नई है बेटी, दस्तखत है. पढ़े-लिखे आदमी थे. तारीख बीस आजूर, तेरा सौ सत्तावन फसली."

ऑफिसात येऊन मी तक्त्यात १३५७ घातलं. बाहेर आलं १९४८. आजूर म्हणजे ऑक्टोबर. पोलीस ॲक्शन सतरा सप्टेंबरला संपली. म्हणजे खरेदी आदल्या सालची नव्हतीच. गाव पेटलेलं असताना, माणूस जीव मुठीत धरून निघालेला असताना, आजोबांनी जमीन लिहून घेतली होती.

घरी जाऊन अण्णांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. भ्याले, हे खरं कारण. थकले होते, हे मी स्वतःला सांगितलेलं. त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून टाकल्या. ऑक्टोबर १९४८. पीरसाब मणियार कुटुंबासह गाव सोडत आहे. शेजारी गाडी द्यायला तयार आहे, पण आधी विहिरीलगतची पट्टी लिहून मागतो. गावाचं नाव आणि मणियारांचं नाव तसंच ठेवलं, शेजाऱ्याचं घातलं नाही. कच्ची आवृत्ती चारेकशे लोकांकडे खेळून बघायला गेली.

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी हर्षवर्धनचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो पुण्यात वकिलांसाठी जमिनीचे जुने दस्त तपासतो. त्या चौकटीचा फोटो कुणीतरी बाभुळजांबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता.

"ताई, तू आजोबांना चोर ठरवलंस."

"मी त्यांचं नाव घातलेलं नाही."

"मणियारांची पट्टी कुणाकडं आहे हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आणि तारीख कुठनं आणलीस?"

"कागदावरची आहे. आजूर सत्तावन, चाचांनी वाचून दाखवली."

"मग सत्तेचाळीस झालं की," तो म्हणाला. "निजामाचं फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. आजूर पहिला महिना. आजूर, दय, बहमन या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे, नवं इंग्रजी वर्ष लागलं की मग एक्याण्णव. मी आठवड्याला दहा दस्त बघतो, ताई. तू कशाला बघतेस हे?"

मी तक्ता उघडून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. फसली, आजूर हे शब्द ज्या घरात बाजारहाटाच्या बोलण्यात होते त्या घरातली मी, आणि वर्ष कुठे सुरू होतं तेच विसरले. कुठल्याही परक्यानं ही चूक केली नसती, त्यानं पुस्तक उघडून पाहिलं असतं. मला येतंय असं वाटलं म्हणून मी पाहिलं नाही. एकट्या आमच्या कागदाची नव्हे, पहिल्या तीन महिन्यांच्या सोळा प्रसंगांची सालं एकेका वर्षानं पुढे गेली होती.

पण खरं सांगते, चुकीचं वाईट वाटण्याआधी मला हलकं वाटलं. ऑक्टोबर सत्तेचाळीस. पोलीस ॲक्शनच्या अकरा महिने आधी. आजोबांनी जमीन शांतपणे खरेदी केली होती आणि पुढच्या साली माणसंही वाचवली होती. दुपारभर बसून सोळा तारखा दुरुस्त केल्या. मणियारांचा प्रसंग पुन्हा लिहिला, खरेदी वेगळी, गाडी वेगळी. चिन्मयला कळवलं. तो म्हणाला, "ठीक है ताई, होतं. पण उद्या फायनल जाणार, आता बदलू नका."

चार वाजता चहा घेऊन अण्णांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते. सकाळचा फोन त्यांनी ऐकला असणार, आमच्या घराच्या भिंती तेवढ्या जाड नाहीत. मी सगळं कबूल केलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही, दोन आठवडे मनात तुमच्या वडिलांना वाईट ठरवून बसले होते, माफ करा. आणि आता दुरुस्त केलेला प्रसंग वाचून दाखवला.

अण्णांनी चहा तसाच खाली ठेवला.

"आधीचं बरोबर होतं," ते म्हणाले.

"नाही अण्णा, आधीची माझी बेरीज चुकली होती. कागदावर सत्तेचाळीसच आहे."

"कागदावर आहे. तो कागद मीच लिहिलाय."

त्यांनी खिडकीकडेच तोंड ठेवलं.

"बारा वर्षांचा होतो. सहावीत. आपल्या शाळेत सगळं उर्दूत. पटवाऱ्यानं हात लावला नाही त्या कागदाला. म्हणला, हिम्मतराव, असलं माझ्या हातनं नको. मग बाप म्हणला, आपला नामदेव लिहील, त्याचं अक्षर चांगलं है. ओट्यावर बसवलं मला. समोर गाडी जुंपलेली. पोरी आत बसलेल्या, वर घोंगडी टाकलेली. पीरसाब माझ्याशेजारी बसला."

"आणि तारीख?"

"बाप म्हणला, वीस आजूर तेराशे सत्तावन. मी म्हणलं, बाबा, अठ्ठावन लागलं की. शाळेत रोज फळ्यावर तारीख लिहायचो ना आम्ही. बाप बैलांकडं बघत राहिला. पीरसाबच म्हणला, लिख बेटा, सत्तावन लिख."

अण्णा पुढे म्हणाले, "एका शब्दावर नुक्ता द्यायचा राहिला होता. पीरसाबनं बोट ठेवून दाखवला. मास्तर दाखवतो तसा, रागानं नै. मी टिंब दिलं. मग त्यानं सही केली आणि उठून गाडीत बसला. सालभर आधीची तारीख कशापायी घातली, ते मला मोठं झाल्यावर कळलं. दंग्यात घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून."

"तुम्ही लहान होता, अण्णा."

"लहान होतो. पण नोकरीला आलो तेव्हापासून या शहरात मोठाच है ना मी. ते लोक हैदराबादलाच आले होते. बांगड्यावालाच माणूस, लाड बाजार सोडून कुठं जाणार. मी एकदा पण चौकशी केली नै. तुझ्या आईला बांगड्या भरायला कधी तिकडं नेलं नै. ती रुसायची, म्हणायची, सगळ्या बायका लाड बाजारात जातात आणि मला मेली कोठी."

हे मात्र मला आठवत होतं. आई चारमिनारजवळच्या लाड बाजारात जाऊ म्हणायची आणि अण्णांना नेमकं त्या दिवशी काम निघायचं. आम्ही अण्णांना अरसिक म्हणायचो. मला आईची कीव आली, अण्णांची आली, आणि सगळ्यात जास्त राग आजोबांचा आला. दिवाळीचे फराळ खात खात आम्ही ती गाडीची गोष्ट ऐकली होती आणि अण्णा दर वर्षी आमच्यात बसून ऐकत होते.

"घाल," अण्णा म्हणाले. "जसं होतं तसं घाल. कुणी विचारलं तर सांग, लिहिणारा जिता है."

हर्षवर्धनला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णांचं वय काय, तू धरतेस काय. कागद कागद असतो, ताई. सात-बाऱ्यावर आपली नावं आहेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावायला निघालीस?" त्याला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती हे मला आवाजात कळलं. मी भांडले नाही. भांडायचं त्राण नव्हतं आणि त्याचं म्हणणं मला समजतही होतं. फक्त म्हटलं, "तू एकदा अण्णांशी बोल." त्यानं फोन ठेवला. रात्री करतो म्हणाला होता, केला नाही.

चिन्मय मात्र वैतागला. एका दिवसात दुसरा बदल. शिवाय त्याचा नियमच होता, कागद नसेल तर प्रसंग नाही, आणि इथे कागद उलटंच सांगत होता. मी त्याला लिहून पाठवलं की खरेदीखत लिहिणारा माणूस आमच्या घरात खिडकीशी बसला आहे, बारा वर्षांचा होता, त्याचं नाव पुराव्याच्या रकान्यात घाल. मग फोनच आला.

"नाव घालू? त्यांचं? पक्कं?"

"त्यांनीच सांगितलंय."

"ठीक है. पण ताई, बटणांचं बघा. पैलं बटण, खत लिहून घ्या, मग गाडी द्या. त्याला जमीन एक वाढते, करेक्ट. दुसरं बटण, नुसती गाडी द्या. त्याच्यापुढं तुम्ही काईच टाकलं नै. नुकसान काय ते टाका. नै तर सगळे तेच दाबतील, गेम बॅलन्स होणार नै. चांगलं वागायला काईतरी लागलंच पायजे ना. किती टाकू? दोन? तीन?"

प्रश्न रास्त होता. दोनशे दहा प्रसंगांत मी हेच केलं होतं. प्रत्येक भल्या बटणाला काही ना काही किंमत लावली होती, कधी धान्य कमी, कधी लोकांचा रोष. मी पुन्हा अण्णांच्या खोलीत गेले. दिवा लावला. ते तसेच बसले होते.

"अण्णा, एक विचारू? आजोबांनी पट्टी न घेता नुसती गाडी दिली असती तर आपलं काय गेलं असतं?"

ते विचार करू लागले. मला वाटत होतं की काहीतरी सापडेल. मला ते हवं होतं, त्या क्षणी मला कळलं की फार हवं होतं.

"गाव बोललं असतं?" मी विचारलं. "गावाचा राग?"

"गावाला काय. पाटीलच म्हणला होता, हिम्मतराव, तेवढं त्यांना पोचवून ये."

"वाटेत धोका होता ना? दोनदा गाडी अडवली म्हणतात."

"ते तर खत घेतलं तरी होतंच. तेवढा जीव बापानं पणाला लावला, ते खोटं नै."

"मग बैल? दोन दिवस बैल अडकले, पेरणीचे दिवस."

अण्णांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना मी नीट दिसत नव्हते, तरी ते माझ्याकडेच बघत होते.

"ॲक्शननंतर पैल्यांदा उदगीरला मीठ आलं होतं," ते म्हणाले. "कित्येक महिने मीठ नव्हतं गावात. आणायला सकाळी गाडी निघणारच होती, प्रणिता. रिकामीच जाणार होती."

मी बाहेर येऊन टेबलाशी बसले. दुसऱ्या बटणापुढच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि फाइल पाठवून दिली. पाचेक मिनिटांनी चिन्मयचा निरोप आला. ते शून्य चुकून पडलंय का, असं विचारत होता. मी लिहिलं, नाही, विचारून घातलंय.